एका तावदानाचा हिशेब

खिडकीची काच फुटली की घरातलं कुणी तरी फोन लावतं आणि विचारतं, "एक काच बदलायची आहे, किती होतील?" पलीकडून उत्तर येतं, "साइज बोला." साइज कुणाला ठाऊक नसते. मग "माणूस पाठवतो, बघून सांगेल" असं ठरतं आणि माणूस येईपर्यंत खिडकीला पुठ्ठा लागतो. कितीतरी घरांत तो पुठ्ठा पुढचा पावसाळाही बघतो. आलेल्या माणसाने सांगितलेला आकडा ऐकून घरच्यांच्या मनात येतं, एवढ्याशा काचेला एवढे पैसे?

तो आकडा कुठून येतो हे कळावं म्हणून मी काचेच्या दुकानांत बसत गेले, कारागिरांच्या मागोमाग इमारतींचे जिने चढले, त्यांच्या शेजारी उभं राहून शटर उतरवताना पाहिलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. काच त्या मानाने स्वस्त आहे. महाग आहे ते तिला आणणं, उचलणं, वर चढवणं आणि जुन्या चौकटीत नीट बसवणं. हे न कळल्यामुळे मध्यमवर्गीय घरं दोन टोकांना जातात. एक तर काच बदलायचं टाळतात, नाही तर काच बिघडली म्हणून सगळी खिडकीच काढून टाकतात. दोन्हींत नुकसान आहे, आणि दुसऱ्यात फार मोठं आहे.

आधी बिल मांडू. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचं एक शटर. काचेचं माप बावीस इंच चार सूत बाय सेहेचाळीस इंच. गुणाकार केला तर सव्वासात चौरस फुटांच्या जरा आत. दुकानदार मात्र आठ फूट लावतो, कारण या व्यापारात माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांच्या पटीत धरायची रीत आहे. साडेबावीसचे चोवीस होतात, सेहेचाळीसचे अठ्ठेचाळीस. मोठ्या शीटमधून आपला तुकडा निघाल्यावर जी चिंचोळी पट्टी उरते ती सहसा कुणाच्या कामाला येत नाही. तिचे पैसे आपण देतो. यात लबाडी नाही. पण ही रीत गिऱ्हाइकाला आधी कुणी सांगत नाही आणि बिल हातात पडल्यावर वाद होतो. टेप घेऊन आपण स्वतः मोजलेलं असलं आणि "कितीच्या पटीत धरता?" एवढं आधी विचारलेलं असलं, तर निम्मे वाद मिटतील.

पुण्या-मुंबईकडे पाच एमएमची साधी काच किरकोळीत चौरस फुटाला साधारण सत्तर ते शंभर रुपयांच्या घरात मिळते. दुकानागणिक, गावागणिक भाव हलतो. उदाहरणासाठी ८० धरू. आठ फुटांचे ६४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११५. शटरच्या आत चहूबाजूंनी बसणारं रबर बारा फूट लागेल, त्याचे १२० धरा. शटर उघडलंच आहे तर खालची बेअरिंगची जोडी बदलून घ्यावी, तेही तेवढेच. काच रिक्षाने किंवा छोट्या टेम्पोने आणायची, २५०. मजुरी ७००. बेरीज १,९४५. यात काचेची मूळ किंमत तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. आकडे तुमच्या गावी वेगळे असतील, पण हे प्रमाण मात्र मी सगळीकडे जवळपास असंच पाहिलं.

मजुरीवर सगळ्यात जास्त घासाघीस होते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबते. काच बसवणारा माणूस एका तावदानासाठी दोनदा येतो. पहिल्यांदा माप घ्यायला. चांगला कारागीर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतो, उंचीही तशीच, आणि सगळ्यांत कमी भरेल ते माप धरतो. जुन्या इमारतीतली चौकट क्वचितच काटकोनात राहिलेली असते. त्यातून तो थोडं माप सोडतो, कारण काच चौकटीत घट्ट ठोकून बसवली की उन्हात फुगायला तिला जागा राहत नाही. मग दुकानात काच टेबलावर आडवी ठेवायची, पट्टी धरून एका दमात ओरखडा ओढायचा आणि त्या रेषेवर ती मोडायची. पूर्वी हे हिरकणीने होई, आता बहुतेक ठिकाणी चाकाची कटर आहे. हात मध्येच थांबला तर रेष फसते, काच भलतीकडे जाते आणि नुकसान दुकानाचं. दुसऱ्यांदा तो येतो ते काच घेऊन. एक चौरस मीटर काच, जाडीच्या दर एमएमला अडीच किलो भरते. वरच्या हिशेबातलं ते छोटं तावदान सव्वाआठ किलोंच्या जरा वर आहे. दिवाणखान्यातलं चार बाय चारचं पाच एमएमचं तावदान साडेअठरा किलोंच्या वर जातं. लिफ्टमध्ये ते मावत नाही किंवा सोसायटी नेऊ देत नाही, तेव्हा चार मजले जिन्याने. हातात मोजे असतातच असं नाही. मोज्यात पकड सुटते अशी बऱ्याच कारागिरांची तक्रार असते. अनेकांच्या तळहातावर आणि मनगटावर जुन्या जखमांचे वण आहेत. एवढं सगळं झाल्यावर सातशे रुपये जास्त आहेत असं मला तरी म्हणवत नाही.

खर्च वाचवायचाच असेल तर त्याचा खरा मार्ग वेगळा आहे. एका काचेला जेवढ्या फेऱ्या लागतात तेवढ्याच चार काचांना लागतात. घरातली तडकलेली, कोपरा उडालेली, पुठ्ठा लावलेली सगळी तावदानं एकदम मोजून घ्यावीत. शेजारच्या दोन बिऱ्हाडांना विचारावं. टेम्पोचं भाडं आणि मजुरी वाटली गेली की प्रत्येक काचेमागचा खर्च चांगलाच खाली येतो, आणि कारागिरालाही दिवसभराचं काम एका जागी मिळतं.

आता चौकटीकडे वळू, कारण कामाची खरी किंमत तीच ठरवते. जुन्या लाकडी खिडकीत काच बारीक चुकांवर टेकलेली असते आणि वरून लाकडी पट्टी किंवा लांबी भरलेली असते. ही लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. वर्षानुवर्षं उन्हाने ती वाळते, तडे जातात, पाणी आत शिरतं आणि खालचं लाकूड कुजायला लागतं. इथे काच बदलणं हे सुताराचं काम आहे. लाकूड न दुखावता जुनी लांबी खरवडायची, खाच साफ करायची, लाकडाला तेल किंवा प्रायमर पाजायचा आणि मगच नवी काच. घाईत खाच साफ न करता काच बसवली तर ती वर्षभरात खुळखुळते.

जुन्या सरकारी वसाहतींत, म्हाडाच्या इमारतींत लोखंडी खिडक्या आहेत. तिथे काच फुटण्याचं कारण बहुधा चेंडू नसतो, गंज असतो. लोखंड गंजलं की फुगतं, त्याला जागा लागते आणि ते काचेच्या कडेला दाबत राहतं. एक दिवस कुणीही हात न लावता कोपऱ्यातून तडा जातो. तिथे नुसती काच बदलली तर तीही तशीच जाईल. आधी गंज घासून, रेडऑक्साइड मारून मग काच. हा एका दिवसाचा जादा खर्च पुढची काच वाचवतो.

सरकती ॲल्युमिनियम खिडकी ही आता आपल्या शहरांची नेहमीची खिडकी आहे, आणि दुरुस्तीला ती सगळ्यांत सोयीची आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. शटर ट्रॅकवरून उचलून आत घेता येतं. कोपऱ्यांतले स्क्रू काढले की चौकटीच्या चारही बाजू सुट्या होतात. जुनी काच निघते, नव्या काचेला रबर चढवायचं, बाजू रबरी हातोड्याने हलके ठोकत परत बसवायच्या. सरावाच्या माणसाला अर्धा-पाऊण तास पुरतो. अडचण येते ती स्क्रू समुद्राच्या खाऱ्या हवेने आत गंजून बसले असतील तेव्हा, किंवा एखादी बाजू वाकलेली असेल आणि त्या आकाराचं सेक्शन आता बाजारात येत नसेल तेव्हा. अशा वेळी "साहेब, आता सगळी खिडकीच बदला" हे वाक्य ऐकू येतं. कधी ते खरं असतं. बहुतेक वेळा मात्र त्या माणसाला जुनं सेक्शन शोधायचा वेळ नसतो. जुनी खिडकी मोडून टाकणाऱ्यांकडे, भंगाराच्या दुकानांत, त्याच आकाराच्या बाजू पडलेल्या असतात. दुसऱ्या कारागिराला विचारल्याशिवाय सगळी खिडकी बदलायला होकार देऊ नये.

धुरकट काचेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि इथेच सगळ्यांत जास्त पैसे नाहक जातात. काच धुरकट दिसते तेव्हा आधी बोट फिरवून पाहावं. आतल्या बाजूने पुसलं आणि दिसू लागलं, तर ओल घरातली आहे. स्वयंपाकघरातली वाफ, बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, न्हाणीघर. त्याला हवा खेळती ठेवणं हाच उपाय, काच निर्दोष आहे. बाहेरून पुसलं आणि गेलं, तर एसीने थंड झालेल्या काचेवर पावसाळ्यातली दमट हवा टेकली आहे. मुंबईत, कोकणात हे रोजचं आहे. एसीचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवलं की कमी होतं. या दोन्ही कारणांनी काच बदलण्यात काहीही अर्थ नाही, तरी बदललेली घरं आहेत.

तिसरा प्रकार पांढऱ्या डागांचा. बोअरवेलच्या पाण्याचे शिंतोडे वाळून चुन्याचा थर बसतो. नव्या इमारतीत प्लास्टरवरून ओघळणारं पाणी सिमेंटमधला अल्कली घेऊन काचेवर येतं आणि वेळेत धुतलं नाही तर काचेचा पृष्ठभागच खातं. थर नवा असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाने निघतो. खाल्ली गेलेली काच कशानेही पूर्ववत होत नाही. बाथरूमचं ॲसिड मात्र खिडकीवर वापरू नये, ते ॲल्युमिनियमची चौकट खराब करतं. याच जातीची आणखी एक गोष्ट. गोदामात एकावर एक टेकवून ठेवलेल्या काचांच्या मध्ये पावसाळ्याची ओल राहिली तर काचेवर इंद्रधनुषी डाग उठतात. ते पुसून जात नाहीत. म्हणून पावसाळ्यात काच घेताना ती उजेडाकडे तिरकी धरून पाहावी आणि डाग दिसला तर परत करावी.

चौथा प्रकार खरा. आतून पुसा, बाहेरून पुसा, धुकं जागचं हलत नाही, कारण ते दोन काचांच्या मध्ये आहे. हमरस्त्याच्या, रेल्वेच्या, विमानतळाच्या जवळ गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या घरांत डबल काचा बसल्या. बाजारात तिला डीजीयू म्हणतात. दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, पट्टीत ओल शोषणारे दाणे, कडेला आतून ब्युटिलची आणि बाहेरून पॉलिसल्फाइडची किंवा सिलिकॉनची बंदिस्ती. मधली हवा कोरडी असते तोवर सगळं स्वच्छ दिसतं. पण ही कड रोज काम करत असते. दुपारी उन्हाने मधली हवा फुगते, काचा बाहेर रेलतात. रात्री ती आकसते, काचा आत येतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिल्यावर कडेला सूक्ष्म वाट पडते आणि रात्री आत ओढली जाणारी हवा सोबत ओल आणते. काही काळ ते दाणे ती ओल पिऊन टाकतात. त्यांची ताकद संपली की एका सकाळी आत धुकं दिसतं, दुपारी जातं. पुढे पुढे ते दुपारीही राहतं आणि आतल्या अंगाला कायमचे पांढरट ओघळ उमटतात.

ही काच पुसून, वाळवून, हेअर ड्रायर लावून सुधारत नाही. भोक पाडून आतली ओल काढण्याचा उपाय काही जण सुचवतात. आपल्याकडच्या डबल काचा पुष्कळदा टफन, म्हणजे तापवून झटक्यात थंड केलेल्या, असतात आणि टफन काचेला भोक पाडायला गेलं की ती तिथल्या तिथे कोसळते. साध्या काचेला भोक पाडून धुकं घालवलं तरी बंदिस्ती गेलेलीच राहते, उष्णता आणि आवाज अडवण्याचा गुण परत येत नाही. म्हणजे डबल काच बदलावीच लागते. पण फक्त काचच बदलावी लागते. चौकट, शटर, कुलूप, बिजागऱ्या बहुधा ठणठणीत असतात. आतल्या बाजूची क्लिपसारखी पट्टी काढली की जुनं युनिट बाहेर येतं आणि त्याच जाडीचं नवं युनिट तिथे बसतं. टफन डबल काचेचा भाव साध्या काचेच्या चौपट-पाचपट किंवा त्याहूनही वर जातो; ऑर्डर दिल्यावर ती बनवून येते, म्हणून काही दिवस थांबावंही लागतं. तरी चौकटीसकट नव्या खिडकीच्या मानाने तो खर्च फारच कमी आहे.

इथे एक गोष्ट कारागिराला आवर्जून सांगायला हवी. डबल काच अकाली मरते ती बहुधा पाण्यात उभी राहिल्यामुळे. प्रत्येक चौकटीच्या तळाला पाणी निघून जायला छोट्या खाचा ठेवलेल्या असतात. धुळीने, रंगाने, सिमेंटने, नाही तर गळती थांबवायला म्हणून कुणी भरलेल्या सिलिकॉनने त्या बुजतात. आत पाणी साचतं आणि काचेची खालची कड त्यात भिजत राहते. काचेखाली ठेवायचे छोटे ठोकळे बसवलेच नसतील तर ती थेट पाण्यातच टेकलेली असते. नवी काच बसवण्याआधी खाचा मोकळ्या करून घ्या, एक तांब्या पाणी ओतून ते बाहेर जातं का पाहा, ठोकळे आहेत का पाहा. हे न करता बसवलेली नवी काचही त्याच वाटेने जाईल.

आणि पैसे द्यायच्या आधी ताबापत्राची तारीख काढून बघा. स्थावर संपदा कायदा, २०१६ मधल्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. तीन-चार वर्षांत आतून धुरकट झालेली डबल काच हा दर्जातला किंवा कारागिरीतलाच दोष आहे असं माझं मत आहे, आणि रहिवाशांनी ते तसंच लेखी मांडावं. फोटो काढा, दोन काचांमधल्या पट्टीवर निर्मात्याचं नाव आणि तारीख छापलेली असेल तर तिचाही फोटो घ्या, पत्र द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर महारेराकडे तक्रार करता येते. पाच वर्षं उलटली असली तरी काच बनवणाऱ्याची वेगळी हमी शिल्लक असू शकते. बिल्डरकडे तिची प्रत मागा. एकट्याने मागण्यापेक्षा सोसायटीतल्या सगळ्या धुरकट खिडक्यांची यादी करून मागितलेलं कधीही बरं.

तडा का गेला हेही काच स्वतः सांगते. चेंडू, दगड लागला असेल तर एका जागेहून चहूकडे रेषा फाकलेल्या दिसतात. रेष कडेपासून सरळ काटकोनात निघून पुढे वळत गेली असेल आणि मार लागल्याची खूण कुठेच नसेल, तर कारण उष्णता. पश्चिमेच्या खिडकीला गडद फिल्म चिकटवली की काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि कापताना कडेला राहिलेला एखादा बारीक टवका तड्याचं तोंड होतो. अशा जागी नवी साधी काच आणि तीच फिल्म म्हणजे तोच खर्च पुन्हा. तिथे टफन काच घ्यावी किंवा फिल्म काढून पडदा बाहेरून लावता येतो का ते पाहावं.

टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने झटक्यात थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. फुटली तर सुरीसारखे तुकडे न होता खडीसाखरेसारखा चुरा होतो. तिचा भाव साध्या काचेच्या दीडपट ते दुप्पट असतो. मात्र एकदा टफन केल्यावर तिला कापता येत नाही; माप एका सुताने चुकलं की ती फुकट. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, पण तुकडे चिकटून राहतात, खाली पडत नाहीत. जमिनीपर्यंत येणारी खिडकी, बाल्कनीचं दार, न्हाणीघर, लहान मुलांच्या पलंगाजवळची खिडकी, एवढ्या जागी साधी काच पुन्हा बसवू नये असं मी ठामपणे म्हणेन. वरच्या मजल्यावरून तुकडे रस्त्यावर पडण्याचा धोका असेल तिथे लॅमिनेटेडच. बाकीच्या छोट्या तावदानांना साधी काच चालते, तिथे दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडायचं कारण नाही. टफनचे पैसे दिले असतील तर काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा पाहावा.

जाडीत मात्र कधीही काटकसर करू नये. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. जसजसं वर जावं तसा दाब वाढतो आणि काच जितकी रुंद तितकी ती जास्त वाकते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या समोरून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, अलिबागच्या बाजूला छपरांबरोबर खिडक्याही गेल्या. विसाव्या मजल्यावरची सहा एमएमची काच फुटली म्हणून चारची बसवणं म्हणजे पुढच्या वादळाला खालच्या माणसांचे जीव देणं आहे. उंच इमारतीत खर्चाचं गणितही उलटं होतं. जुन्या घरांना बाहेरून जाळी असते, कारागीर तिचा आधार घेतो. नव्या टॉवरला जाळी नाही, काच स्थिर असेल तर बाहेरून झुला किंवा दोर लावावा लागतो. तेव्हा काचेपेक्षा त्या झुल्याचे पैसे कितीतरी जास्त होतात. घर घेताना ही काच आतून बदलता येते का, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

काच एवढी स्वस्त कशी झाली याची गोष्ट फार जुनी नाही. इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९मध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. वितळलेली काच कथिलाच्या तलावावर पसरते आणि घासल्या-पुसल्याशिवाय दोन्ही अंगांनी गुळगुळीत होऊन पट्ट्यासारखी बाहेर येते. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आपल्याकडे १९९०च्या दशकात तळोज्याला असा कारखाना आला आणि हळूहळू देशभर फ्लोट काच साधी गोष्ट झाली. तिच्या भावावर वाळूपेक्षा इंधनाचा आणि सोडा ॲशचा परिणाम जास्त होतो, म्हणून इंधन वायू महागला की कोपऱ्यावरच्या दुकानातली काचही महागते. महाराष्ट्राने काचेच्या उद्योगात पाऊल टाकलं होतं ते त्याच्या कितीतरी आधी. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगाव दाभाड्याला १९०८मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि १९१६मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने घराघरांत उजेड नेला.

फ्लोटच्या आधीची काच ओढून काढलेली असे. तिच्यात बारीक लाटा असतात. वाड्यातल्या, गिरगाव-दादरच्या जुन्या घरांतल्या तावदानातून बाहेरचं झाड किंचित हललेलं दिसतं ते त्यामुळे. अशी काच आता बाजारात मिळत नाही. तिचा एखादा कोपरा उडाला असेल आणि धोका नसेल तर ती राहू द्यावी. एकच तावदान फुटलं म्हणून उरलेली अकरा "एकसारखी दिसावीत" म्हणून काढून टाकणाऱ्या घरमालकांना मी पाहिलं आहे आणि मला त्याचं दुःख होतं. तळकोकणातून पुढे गोव्यात गेलं तर काही जुन्या घरांच्या खिडक्यांत काच नाहीच. तिथे शिंपल्यांची चौकोनी तावदानं लाकडी पट्ट्यांत ओवलेली आहेत. त्यांतून दिसत काही नाही, पण दुधाळ उजेड आत येतो. ज्या जिवाची ती शिंपली आहेत त्याला आता वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे नवी शिंपली आणण्याचा विचारही करू नये. फुटलेल्यांच्या जागी जुन्या, मोडीत निघालेल्या झडपांमधली शिंपली वापरावीत आणि ते हात असलेला सुतार गाठावा. तो महाग पडतो. पडू द्यावा.

वादळाने काच गेली असेल आणि घराचा विमा असेल तर साफसफाई करण्याआधी फोटो काढून ठेवावेत. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि पूर येतात. एकट्या काचेसाठी दावा करणं बहुधा परवडत नाही, छपराबरोबर मात्र तो करावा.

शेवटी फुटलेल्या काचेचं काय करायचं, हे कुठल्याच बिलात नसतं. खिडकीची काच बाटल्यांच्या काचेबरोबर चालत नाही, भंगारवाला ती सहसा घेत नाही. नवी काच बसली की कारागीर तुकडे तिथेच ठेवून जातो आणि आपण ते काळ्या पिशवीत टाकून कचऱ्यात देतो. पुढे ती पिशवी कुणीतरी उघड्या हाताने उचलते. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका दारोदार कचरा गोळा करतात, तो हाताने वेगळा करतात. मुंबईत, नाशिकमध्ये, कोल्हापुरातही शेवटी कुणाचा तरी हात त्या पिशवीत जातोच. तेव्हा काच बदलून घ्याल तेव्हा ठरवतानाच कारागिराला सांगा की जुनी काच दुकानात परत न्यायची आहे, आणि त्याचे शंभर-दोनशे रुपये मजुरीत धरा. ते जमलं नाही तर तुकडे वर्तमानपत्राच्या जाड घड्यांत बांधा, जुन्या खोक्यात घाला, खोकं चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'काच' असं लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या.